दुधाशिवाय दुधाचं काम: सॅम बाळांचा औषधी आहार सोयाबीन-ज्वारीतून बनू शकतो का?

अंगणवाडीतली दंडघेर मोजायची पट्टी कधी हातात घेऊन बघा. पातळ, गुळगुळीत, तीन रंगांची. बाळाच्या डाव्या दंडाला, खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्ये ती गुंडाळायची, खाचेतून ओढून घ्यायची आणि कुठला रंग दिसतो ते बघायचं. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत. आपला अंगठा आणि तर्जनी यांची टोकं जुळवून कडं केलं, तर त्यात तो दंड मावून वर जागा उरते. आणि हे मूल कदाचित दीड-दोन वर्षांचं असतं.

सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ज्या मुलाचा दंड लाल पट्ट्यात येतो, किंवा ज्याचं वजन उंचीच्या मानाने फारच कमी आहे, किंवा ज्याच्या दोन्ही पावलांवर सूज आहे, त्याला सरकारी भाषेत ‘सॅम’ म्हणतात, म्हणजे तीव्र कुपोषित. मेळघाट, नंदुरबार, पालघरच्या बातम्यांत ‘सॅम-मॅम’ ही जोडी आपण वाचतोच. ‘मॅम’ म्हणजे त्याच्या एक पायरी अलीकडचं, मध्यम. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची १०.९ टक्के मुलं उंचीच्या मानाने अतिकृश निघाली. देशाचा आकडा होता ७.७. अंगणवाड्यांच्या नोंदींत प्रमाण याहून बरंच कमी दिसतं. त्या तफावतीवर वेगळा लेख होईल.

या मुलांसाठी जगभर एक ठरावीक औषधी आहार वापरतात. शेंगदाण्याची गोडसर पेस्ट, पाकिटात भरलेली. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीला कात्री लावली आणि या पाकिटांचा पुरवठा अडखळल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा एक जुना प्रश्न पुन्हा वर आला. या पेस्टमधला सगळ्यात महाग घटक दूध पावडर आहे. ती काढून निव्वळ धान्य-कडधान्यांतून हे जमवता येणार नाही का?

उत्तर ‘येतं, पण’ असं आहे. हा ‘पण’ समजायला जरा मागे जावं लागेल.

घरातली भांडी विकून चाललेला संसार

कमाई थांबलेलं घर आधी साठवलेले पैसे खातं, मग दागिने, मग भांडी विकतं. उपाशी मुलाचं शरीर हेच करतं. चरबी संपली की स्नायू वितळवतं. खर्च वाचवायला हृदय हळू चालतं, आतड्याचं अस्तर झिजतं, पाचक रस कमी होतात, रोगांशी लढायची यंत्रणा ढिली पडते. पोटॅशियम, मॅग्नेशियम, झिंक, फॉस्फरस यांचे साठे रिकामे होतात. म्हणूनच अशा मुलाला साधा अतिसार किंवा खोकलासुद्धा झेपत नाही.

आता या मुलाला भरपूर खायला दिलं की झालं, असं वाटतं. तिथेच गफलत होते. खूप आजारी मुलावर एकदम जेवणाचा मारा केला, तर पेशी रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने ओढून घेतात आणि हृदय बंद पडू शकतं. त्यामुळे ताप, सतत उलट्या, गुंगी किंवा भूकच नसणं असं काही असेल, तर मुलाला आधी रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवतात. तिथे सुरुवातीला कमी ऊर्जेचं औषधी दूध मिळतं, १०० मिलीमागे ७५ कॅलरीचं. मूल सावरलं की १०० कॅलरीचं.

पण गुंतागुंत नसलेली, भूक टिकून असलेली सॅम मुलं घरीच बरी होऊ शकतात, हे २००० नंतर आफ्रिकेतल्या कामातून स्पष्ट झालं. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफसह संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी त्यावर संयुक्त शिक्कामोर्तब केलं. आजचा विषय याच घरी बऱ्या होणाऱ्या मुलांचा.

मऊ खिचडी का पुरत नाही?

हा प्रश्न पडतोच, म्हणून मी घरच्या काट्यावर करून पाहिलं. लहान बाळाला भरवतो तशी सैल मूगडाळ-तांदळाची खिचडी, वर चमचाभर तूप. एक वाटी भरली १५० ग्रॅमची. तिच्यात साधारण १५० ते १८० कॅलरी धरा.

सात किलोच्या सॅम मुलाला भरून येण्याच्या काळात रोज किलोमागे २०० कॅलरीपर्यंत लागतात. म्हणजे १४०० कॅलरी. म्हणजे आठ-नऊ वाट्या खिचडी. आणि त्या मुलाचं पोट एका वेळी जेमतेम २०० मिली धरतं. दिवसातून आठ-नऊ वेळा शिजवून, गरम करून, मांडीवर घेऊन भरवायचं, तेही सकाळी रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या आईने. कागदावर सोपं आहे.

खिचडी वाईट नाहीच. पण तिचं बहुतेक वजन पाण्याचं असतं. छोट्या पोटात जास्त माल बसवायचा तर पाणी काढून तेल घालायला हवं. आपल्या आज्यांनी याचं अर्धं उत्तर शोधलं होतं, नाचणी सत्त्व. नाचणीला मोड आणले की तिच्यात स्टार्च तोडणारं विकर (एन्झाइम) तयार होतं. मग तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ घातलं तरी पेज लापशीसारखी घट्ट होत नाही, बाळ गिळू शकतं.

पाकिटातल्या पेस्टची करामत

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आंद्रे ब्रियाँ यांनी मिशेल लेस्कान यांच्या कंपनीबरोबर ही पेस्ट बनवली. तोवरचा इलाज म्हणजे वर सांगितलेलं १०० कॅलरीचं दूध. त्याला उकळलेलं पाणी लागे, मोजमाप लागे, आणि बनवल्यावर काही तासांत ते नासे. खेड्यातल्या झोपडीत ते देणं म्हणजे जंतूंना आमंत्रण.

ब्रियाँ यांनी त्या दुधातलं पाणी काढून टाकलं आणि दूध पावडरीचा काही भाग शेंगदाण्याच्या कुटाने बदलला. साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि क्षार घातले. पाणी जवळपास नसल्याने जिवाणू वाढत नाहीत. शिजवायचं नाही, मिसळायचं नाही, पाकीट फोडून चाटायचं, वरून स्वच्छ पाणी प्यायचं. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० कॅलरी. सात किलोच्या मुलाला दिवसाला तीनच्या आत पाकिटं. वर्ष-दोन वर्षं टिकतं. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला आरयूटीएफ म्हणतात. मी पुढे ‘पेस्ट’च म्हणेन.

म्हणजे या पेस्टमध्ये वनस्पती सुरुवातीपासूनच होती. भांडण उरलेल्या दुधाचं आहे. जागतिक नियमाप्रमाणे पेस्टमधली किमान निम्मी प्रथिनं दुधातून यायला हवीत. एका मुलाच्या सहा-आठ आठवड्यांच्या उपचाराला पाकिटांचा साधारण एक खोका लागतो. त्याची किंमत गेल्या काही वर्षांत ढोबळमानाने ४० ते ५० डॉलर. वाहतूक आणि मनुष्यबळ वेगळं.

दूध नेमकी कोणती कामं करतं?

एखादा घटक काढायचा तर तो काय काय करत होता, याची यादी आधी हवी. दूध ‘पौष्टिक’ आहे एवढं म्हणून भागत नाही.

पहिलं काम प्रथिनाचं. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात आणि त्यातली नऊ शरीराला बाहेरूनच घ्यावी लागतात. गणपतीला एकवीस मोदक करायचेत. उकड एकवीस मोदकांची आहे, पण सारण पंधरांचंच. मोदक पंधराच होणार, उरलेली उकड वाया. ज्वारी-मक्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं. सोयाबीनमध्ये ते भरपूर, पण मेथिओनिन कमी. वरण-भात आपण एकत्र का खातो त्याचं शास्त्र हेच, एकाचं सारण दुसरा पुरवतो. मोठ्या माणसाला एवढ्यावर भागतं. पण हरवलेले स्नायू दोन महिन्यांत परत बांधणाऱ्या मुलाला एकवीसच्या एकवीस मोदक हवे असतात. दुधात प्रमाण जवळपास नेमकं असतं.

दुसरं काम कमी लोकांना ठाऊक आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. धान्यं, डाळी आणि तेलबिया आपलं फॉस्फरस फायटेट नावाच्या रूपात साठवतात. ही कुलूपबंद तिजोरी आहे. रोपाकडे किल्ली असते, उगवताना ते उघडतं. माणसाच्या आतड्यात ही किल्ली जवळपास नाहीच. शिवाय हे फायटेट झिंक आणि लोहालाही धरून ठेवतं, सोडत नाही. म्हणजे तक्त्यावर फॉस्फरस-झिंक भरपूर दिसतात, मुलाच्या रक्तात पोचतात थोडे. दुधात फायटेट नसतं. त्यातलं फॉस्फरस आणि कॅल्शियम सहज मिळतं. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यामुळे तिजोरी थोडी किलकिली होते, इडली-आंबोळीचं आंबवणं उगाच नाही.

तिसरं, कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचवणाऱ्या विकरालाच अडवणारे घटक असतात. ते योग्य उष्णता देऊन मोडावे लागतात. कमी भाजलं तर अडथळा राहतो, जास्त भाजलं तर लायसिनच जळतं. दुधात ही भानगड नाही. चव आणि तोंडात विरघळणारा पोत हेही दुधाचंच देणं, पण त्याला इतर उपाय आहेत.

मलावीची पेस्ट

दुधाला पर्याय शोधण्याचं सगळ्यात चिकाटीचं काम आफ्रिकेत झालं. घरच्या घरी उपचारांची पद्धत ज्यांनी पुढे आणली ते डॉक्टर स्टीव्ह कॉलिन्स आणि त्यांची व्हॅलिड न्यूट्रिशन ही संस्था सोयाबीन, मका आणि ज्वारी या तिघांची पेस्ट बनवत होती. मलावीत दूध पावडर बाहेरून आणावी लागते. ही तिन्ही पिकं शेतात असतात. हिशोब सरळ होता.

झांबियाच्या लुसाकामध्ये पहिली मोठी चाचणी झाली. दोन वर्षांवरच्या मुलांत ही पेस्ट शेंगदाणा-दुधाच्या पेस्टइतकीच चालली. दोन वर्षांखालच्या मुलांत मात्र ती मागे पडली. आणि सॅम मुलांत दोन वर्षांखालचीच संख्या जास्त असते, त्यामुळे हा निकाल सोडून देण्यासारखा नव्हता.

इथे एखाद्याने हात टेकले असते. त्यांनी कृती पुन्हा उघडली. जपानच्या अजिनोमोटो कंपनीच्या मदतीने कमी पडणारी अमिनो आम्लं शुद्ध स्वरूपात मोजून घातली, म्हणजे पंधरा मोदकांच्या सारणात सहा मोदकांचं सारण बाहेरून आणून मिसळलं. क्षारांचं गणितही नव्याने मांडलं. मग मलावीत चाचणी झाली, निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दुधाचा थेंबही नसलेली ही पेस्ट बरं करण्यात नेहमीच्या पेस्टपेक्षा मागे नव्हती, लहान वयोगटातही. रक्तक्षय आणि लोहाची कमतरता तर या मुलांत जास्त सुधारली.

मला या गोष्टीतला दुसरा प्रयत्न आवडतो. पहिल्या प्रयत्नात सोयाबीन हरलं नव्हतं, हिशोब चुकला होता.

मग जगाने दूध सोडलं का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याच मुद्द्यावर वेगळी मार्गदर्शिका काढली आणि निम्म्या दूध-प्रथिनांचा नियम तूर्त कायम ठेवला. कमी दुधाच्या आणि बिनदुधाच्या वेगवेगळ्या कृतींचे निकाल एकसारखे नाहीत. एका देशातल्या एका कृतीच्या यशावरून सगळ्यांना परवानगी दिली, तर कुणीही अमिनो आम्लं न मोजता सोयाबीनचं पीठ पाकिटात भरून विकेल. कठोर वाटतो तो नियम, पण मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

बांगलादेशात वेगळी वाट चालू आहे. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात अमेरिकेतल्या जेफ्री गॉर्डन यांच्या गटाबरोबर हरभऱ्याचं पीठ, शेंगदाणे, सोयाबीन आणि कच्चं केळं यांचा आहार तयार झाला. त्यांचा रोख आतड्यातल्या जिवाणूंवर आहे. कुपोषित मुलाचे आतड्यातले जिवाणू वयाच्या मानाने ‘लहान’ राहतात, त्यांना वाढवणारं खाणं द्यायचं. मीरपूर वस्तीत १२ ते १८ महिन्यांच्या मुलांवर तीन महिने चाचणी झाली, निकाल २०२१ मध्ये आले. कॅलरी कमी असूनही या आहारावरची मुलं नेहमीच्या पूरक आहारापेक्षा चांगली वाढली. मात्र ही मॅम मुलं होती, सॅम नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कच्च्या केळ्याने कुपोषण बरं’ असं काही आलं तर हा फरक लक्षात ठेवा.

आपल्याकडे दूध काढायचं कशाला?

रास्त प्रश्न. जगात सर्वाधिक दूध भारतात होतं. भाव पडले की आंदोलनात दूध रस्त्यावर ओतलेलं आपण पाहिलंय, आणि भुकटीचे साठे पडून असल्याच्या तक्रारीही ऐकल्यात. मलावीचं कारण इथे जसंच्या तसं लागू होत नाही. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात शेंगदाणे, दूध पावडर, साखर आणि तेल वापरून असा आहार तिथेच तयार केला गेला आहे. दूध इथलंच.

पण दुसरी बाजू पाहा. मलावीच्या पेस्टमधली तिन्ही पिकं महाराष्ट्राचीच आहेत. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन, सोलापूरकडे ज्वारी, मका तर सगळीकडे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याखाली होते, हे शेतकऱ्यांनी निवडणुकीच्या सभांतून ऐकवलं. तेल काढल्यावर उरणाऱ्या सोयापेंडीतलं बरंचसं प्रथिन कोंबड्यांच्या खाद्यात जातं. शिवाय दूध पावडरीचा भाव वर-खाली होतो, आणि सरकारी योजनेला सगळ्यात नकोशी गोष्ट म्हणजे मधेच महागणारा कच्चा माल. माझं मत विचाराल तर इथे बिनदुधाच्या हट्टापेक्षा दूध आताच्या निम्म्यावर आणून उरलेलं अमिनो आम्लं मोजून भरणं जास्त व्यवहार्य दिसतं. अर्थात तेही आपल्या मुलांवर, आपल्या हवेत नीट चाचणी करूनच.

मग शेंगदाण्याचा लाडू का चालत नाही?

ऊर्जेत लाडू कमी नाही. शेंगदाणा-गुळाच्या लाडवात ग्रॅममागे जवळपास पाच कॅलरी असतात, पेस्टच्या जवळच. पण त्यात झिंक, पोटॅशियम आणि जीवनसत्त्वं औषधाच्या मात्रेत नसतात. फायटेटची तिजोरी बंदच. नऊ महिन्यांच्या बाळाच्या घशात कण अडकण्याची भीती वेगळी. आणि ओल लागलेल्या शेंगदाण्यांवर बुरशी येते, ती अफलाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते. ते भाजूनही पुरतं जात नाही. कारखान्यात प्रत्येक खेपेत ते तपासतात, बचत गटाकडे ती सोय क्वचित असते. मॅम मुलाला, किंवा कुपोषण होऊच नये म्हणून, लाडू उत्तम. लाल पट्टीतल्या मुलाला तो औषध म्हणून पुरत नाही.

‘हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे’

हा आक्षेप भारतात फार जोरात आहे आणि तो निराधार नाही. २००९ मध्ये युनिसेफने आणलेली पाकिटं केंद्राने परत न्यायला लावली. २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की इतर उपायांच्या तुलनेत या पेस्टचा पुरेसा पुरावा नाही. अन्न हक्कासाठी लढणाऱ्यांचं म्हणणं असं, की पाकीट आलं की गरम ताज्या आहाराचा पैसा तिकडे वळतो आणि मुलाला गोड चवीची सवय लागते.

आपल्याकडचा पुरावा काय सांगतो? दिल्ली, राजस्थान आणि तमिळनाडूतल्या ९०६ सॅम मुलांवरच्या चाचणीचे निकाल २०१६ मध्ये आले. स्थानिक बनवलेल्या पेस्टवर ५६.९ टक्के मुलं बरी झाली, कंपनीच्या पेस्टवर ४७.५ टक्के, आणि घरी शिजवायच्या भरपूर ऊर्जेच्या आहारावर ४२.८ टक्के. दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचा आकडा उचलला. मला त्यात वेगळंच दिसतं. इथे बनवलेली पेस्ट सगळ्यांत पुढे होती. म्हणजे पेस्ट म्हटलं की परदेशी कंपनी, हे समीकरणच टिकत नाही. आणि उपचार थांबल्यावर काही महिन्यांत बहुतेक मुलं पुन्हा घसरली, तिन्ही गटांत. पेस्ट दोन महिन्यांचं औषध आहे, मूल परत जातं ते त्याच घरात, त्याच रोजगारावर, त्याच पाण्यावर. पेस्ट सोयाबीनची असो वा दुधाची, हे बदलत नाही.

घरात किंवा शेजारी असं मूल दिसलं तर?

ऑनलाइन पाकीट मागवून स्वतःच उपचार सुरू करू नका. सहा महिन्यांखालच्या बाळाला तर ही पेस्ट द्यायचीच नसते, मोठ्या मुलाचंही अंगावरचं दूध थांबवायचं नसतं. अंगणवाडीत पट्टी आणि वजनकाटा असतो. तिथून गावातल्या बाल विकास केंद्रात म्हणजे व्हीसीडीसीत, किंवा थेट रुग्णालयात पाठवतात. आधी मुलाची भूक तपासतात, कारण जे मूल खातच नाही त्याचा आजार पेस्टने बरा होणार नाही.

एक खूण मात्र पट्टीला कळत नाही. मूल गुबगुबीत दिसतं, पण मलूल, चिडचिडं असतं. अशा वेळी दोन्ही पावलांवर वरच्या बाजूने अंगठा तीन सेकंद दाबून धरा आणि उचला. दोन्हीकडे खड्डा राहिला, तर दंडाचा घेर मोजत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.